चार तोळ्यांना दोन वाल कमी

पाटल्या मीच घडवल्या होत्या,
दोन-चारच्या मापाच्या, लग्नाच्या वर्षी.
काढायच्या तर साबण लागायचा.
परवा ती आदोळीवर नारळ खवत होती
आणि पाटली घसरली कोपरापर्यंत,
पुन्हा मनगटावर, पुन्हा कोपरापर्यंत.
सोनं झिजतं, हे मला ठाऊक आहे.
पण इथे सोनं झिजलं नव्हतं.

म्हापशाला डॉक्टर बरेटोबाईंनी
तिला काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस.
"मासळी खाता?"
"सोडली. एकोणीस वर्षं झाली."
"अंडं?"
ती नुसती हसली.
"राहू दे, इंदुमतीबाय. सोडलं ते सोडलं.
पण या वयात किलोमागे एक ग्रॅम
प्रथिनं पोटात जायला हवीत. दर दिवशी.
सणाला भरपूर आणि एरवी पेज, असं चालायचं नाही."

ग्रॅम म्हटल्यावर माझे कान टवकारले.
डिचोलीच्या बाजारात बेचाळीस वर्षं
मी ग्रॅमवरच जगलो.
परतताना बसमध्ये बोटांवर हिशेब केला:
सेहेचाळीस ग्रॅम, म्हणजे
चार तोळ्यांना दोन वाल कमी.
एवढं मी तिला एकदाच दिलं होतं,
दोन्ही पाटल्या मिळून.
आणि हे म्हणे रोज.

बुधवारी पेडण्याच्या बाईकडून अळसांदे आणले.
दुकान आता पुतण्या बघतो,
त्याच्याकडून जुना काटा मागून घेतला,
काचेच्या पेटीतला,
श्वास लागला तरी मान हलवणारा.
बरेटोबाईंच्या कागदावर लिहिलं होतं,
शंभर ग्रॅम कोरड्या दाण्यांत प्रथिनं चोवीस.
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
आमच्यात चोवीस म्हणजे शुद्ध.
इथे चोवीस म्हणजे पाऊण भाग भेसळच.
मग सेहेचाळीस भरायला दाणे किती?
जवळजवळ दोनशे ग्रॅम.
"मला काय म्हस समजलात?" ती म्हणाली.
"भात धरा. दही धरा. शेंगदाणे धरा.
सकाळच्या मुगागाठी कुणी धरायच्या?"

धरल्या.
भातात जे उणं ते कडधान्यात असतं,
कडधान्यात जे उणं ते भातात.
डाक देऊन दोन तुकडे जोडावेत, तसं.
हे मला पटलं.
आणि वाल! गुंजही बी, वालही बी.
माझे आजोबा वालांनी सोनं जोखायचे
आणि दुपारी वालांचीच उसळ जेवायचे.
मला हे सुचायला सत्तर वर्षं लागली.

रात्री तोंडाक होतं.
ती वाढत होती आणि मी पहिल्यांदाच
काटा बघावा तसा तिच्या हाताकडे बघत होतो.
डाव खोल गेला. दाणे वर आले. माझ्या ताटात.
पुन्हा खोल. निहारच्या ताटात.
मग डाव वरवर फिरला,
नारळाचा तांबूस रस, त्यात चुकून दोन दाणे,
तो तिच्या भातावर.

मासळी नाही, हे मला माहीत होतं.
दाणेही नाहीत, हे माहीत नव्हतं.
गिऱ्हाइकाच्या मंगळसूत्रात
रतीची तूट आली तर मला झोप लागत नसे,
म्हणून माझं नाव होतं बाजारात.

डाव मी तिच्या हातून घेतला.
ती बसली. हात कुठे ठेवावेत कळेना तिला.
"पुरे. पुरे हो."
"जोखून वाढू का?"
"जोखू नका," ती म्हणाली,
"नुसतं तळापासून ढवळा."

आज दीड महिना झाला.
पाटली अजून घसरते, पण कोपरापर्यंत जात नाही,
की मलाच तसं वाटतं.
कापून लहान करता येईल,
अर्ध्या तासाचं काम आहे.
पुतण्याने दोनदा विचारलं.
मी केलेलं नाही.